पावतीवरचं नाव

आत्ती गेली त्या वर्षी तिची ट्रंक माझ्याकडे आली. दुसऱ्या कुणाला ती नकोच होती. आत दोन नऊवारी, एक मोडक्या काडीचा चष्मा, जपाची माळ आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. डब्यात बटनं-रिळं असतील असं वाटलं. उघडला तर आत व्ही.पी.च्या पावत्या. वर्षावार गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला पांढरा दोरा. पहिला गठ्ठा १९६८ चा, शेवटचा १९८४ चा. मी दोन दुपारी बसून मोजल्या, सहाशेच्या वर भरल्या. आणि त्या सहाशेंपैकी एकाही पावतीवर आत्तीचं नाव नव्हतं. पाठवणाऱ्याच्या जागी सगळीकडे थोरल्या काकांचं नाव आणि त्यांच्या दुकानाचा शिक्का.

आत्ती बावीस वर्षांची असताना विधवा होऊन निपाणीला माहेरी परत आली. हातात शिवण होतं, भरतकाम होतं. देवळातल्या शास्त्राला तिने एक वेष्टन शिवून दिलं. सांगलीहून दर्शनाला आलेल्या एका बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, आमच्या मंदिराला अशी चार पाठवता का? तिथून सुरुवात. पुढे वेष्टनं, पाणी गाळायची गाळणी, चंदोवे, चौरंगावरचे रुमाल असा माल जयसिंगपूर, सोलापूर, बारामती, मुंबई, इंदूरपर्यंत जाऊ लागला. जाहिरात म्हणाल तर तिने एक छान युक्ती केली होती. प्रत्येक वेष्टनाच्या आतल्या कोपऱ्यात बारीक साखळी टाक्याने पत्ता भरायचा. शास्त्र सोडणाऱ्याच्या नजरेला तो आपोआप पडायचा. पत्ता अर्थात काकांच्या दुकानाचा.

आज मी तोच माल फोनवरून विकते. माझ्या धाकट्या जावेला आणि तिच्या मैत्रिणींना वाटतं, हे ऑनलाइन म्हणजे काहीतरी नवीन निघालंय, आधी कुणी केलंच नव्हतं. म्हणून हा डबा इथे उघडते आहे. दूरच्या, न पाहिलेल्या माणसाला घरबसल्या माल विकणं, आणि तेही जवळ फारसं भांडवल नसताना, ही गोष्ट आपल्याकडे बरीच जुनी आहे. तिचा इतिहास मात्र दुकानदारांच्या इतिहासात सापडत नाही, कारण पावतीवर नाव दुसऱ्याचं असतं.

भांडवलापासूनच सुरू करू. पंडित बनारसीदास आपल्याला 'नाटक समयसार'मुळे माहीत आहेत. त्यांनी १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 'अर्धकथानक' नावाचं स्वतःचं चरित्र पद्यात लिहिलं. आपल्या देशातल्या पहिल्या आत्मचरित्रांत ते मोजतात. मोठा प्रामाणिक माणूस. व्यापारात आपण कसे बुडालो ते काही न लपवता सांगतो. वडिलांनी तूप, तेल, कापड, जवाहीर देऊन आग्र्याला धाडलं. नाड्यात बांधलेली रत्नं नाडा तुटून गेली, काही उंदरांनी नेली, बाकीचा माल तोट्यात गेला. शेवटी एका कचोरीवाल्याकडे महिनोन्महिने उधारीवर जेवण्याची पाळी आली. पुढे खैराबादला सासुरवाडीस गेले तेव्हा रात्री बायकोने विचारलं, खरं काय ते सांगा. त्यांनी सांगितलं. तिने आपल्याजवळ साठवलेले वीस रुपये काढून नवऱ्याच्या हातावर ठेवले. नंतर हळूच आईच्या कानावर घातलं आणि आईने दोनशे दिले. त्या पैशावर पंडितजी पुन्हा माल घेऊन आग्र्याला गेले.

हे वीस रुपये माझ्या डोक्यातून जात नाहीत. चारशे वर्षांपूर्वीची एक जैन घरातली सून, तिच्याकडे साठवलेले वीस रुपये होते आणि ते नवऱ्याला ठाऊक नव्हते. आपल्यापैकी कितीजणींच्या तांदळाच्या डब्यात, जुन्या पर्समध्ये आजही असे वीस रुपये आहेत! पंडितजींनी निदान ते लिहून ठेवलं. एरवी बाईने घातलेलं भांडवल कोणत्या वहीत चढतं?

आता माल दूर पोचवायचा मार्ग. इंग्रज सरकारच्या टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं, तेच आपलं व्ही.पी. तीनच वर्षांनी, १८८० मध्ये, मनिऑर्डरचं काम टपालाकडे आलं आणि दोन्ही मिळून एक चाक तयार झालं. पाठवणाऱ्याने पार्सल टपालात टाकायचं, त्यावर किंमत लिहायची. पोस्टमनने घेणाऱ्याच्या दारात जाऊन किंमत आणि मनिऑर्डरचं कमिशन घ्यायचं, मगच पार्सल हातात द्यायचं. ते पैसे मनिऑर्डरने पाठवणाऱ्याकडे परत. घेणाऱ्याला भीती नाही की पैसे घेऊन माणूस पळेल. पाठवणाऱ्याला भीती नाही की माल घेऊन पैसे बुडवेल. दोघांची ओळख नसली तरी दोघांचा टपालावर विश्वास. मराठी मासिकांच्या वर्गण्या, पुस्तकं, औषधं, पंचांगं, कितीतरी वर्षं याच वाटेने खेडोपाडी गेली.

या योजनेत एकच काटा होता. घेणाऱ्याने नको म्हटलं की पार्सल परत, आणि टपालखर्च पाठवणाऱ्याच्या अंगावर. आत्तीच्या वहीत अशा नोंदी आहेत. शंभर पानी वही, अक्षर मोडीच्या वळणाचं. 'परत. घरी नव्हते.' 'परत. म्हणे सांगितलंच नव्हतं.' एका नोंदीखाली तिने रेघ मारून लिहिलंय, 'यांना पुन्हा धाडू नये.' १९७४ नंतर अशा नोंदी कमी होत जातात, कारण तिने एक नियम केला. पहिल्यांदा मागवणाऱ्याने आधी पोस्टकार्डावर स्वतःच्या अक्षरात मागणी लिहून पाठवायची. तोंडी निरोपावर माल नाही. पंधरा पैशांचं कार्ड लिहायचे कष्ट जो घेतो, तो पार्सल परत करत नाही, असा तिचा हिशेब. आणि तो बरोबर होता.

कापड इचलकरंजीचं. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावच मागांचं झालं. आमच्या आसपासच्या बायकांना कापड स्वस्त मिळायचं ते त्या मागांमुळे. आत्ती ताग्याचे तुकडे, म्हणजे मागावरून उरलेले, वजनावर घ्यायची. पुरा तागा तिने कधी घेतला नाही. मागणीचं कार्ड आलं की कापड आणायचं, शिवायचं, धाडायचं. शिवून ठेवलेला माल घरात कधी दहा नगांच्या वर नसे. ती म्हणायची, "शिवून ठेवलेलं वेष्टन म्हंजे कुलपात घातलेलं पैसं गं. वापरायबी येत न्हाई आन मोजायबी येत न्हाई."

ती हे करत होती त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी मुंबईत गिरगावच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला घेतले होते. १५ मार्च १९५९, ऐंशी रुपये उसने, पहिल्या दिवशी चार पाकिटं. लिज्जतची ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार, आणि भाषणात सांगतात तेव्हा ऐंशी रुपयांवर टाळ्याही पडतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. संबंध कारखान्याची अडचण एका खाटेने सुटली. शिवाय पहिल्यापासून दोन नियम होते. देणगी घ्यायची नाही आणि हिशेब चोख ठेवायचा. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये, हा आकडा आज आपल्याला माहीत आहे तो कुणीतरी रोज लिहून ठेवला म्हणून. आणि ती वही त्या बायकांच्या संस्थेची होती, कुणाच्या भावाच्या दुकानाची नव्हती.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. मनिऑर्डर दुकानावर यायची, काका सही करून घ्यायचे. आत्तीला कापडासाठी, दोऱ्यासाठी, टपालासाठी लागतील तेवढे द्यायचे, बाकी पैसे काकांच्या पोस्टाच्या खात्यात. काका लबाड नव्हते. आत्ती आजारी पडली तेव्हा मिरजेला घेऊन तेच गेले. "तुझंच हाय ते," असंच नेहमी म्हणायचे. पण १९८७ मध्ये भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा खातं काकांच्या नावावर होतं, म्हणून ते घरातलं धरलं गेलं. चार वाटे पडले. आत्तीला वाटा नव्हता. तिने डबा आणून पंचांपुढे ठेवला असं आई सांगते. पंचांतल्या एकाने दोन-चार पावत्या उलटून पाहिल्या आणि म्हटलं, "आक्का, यात तुमचं नाव कुठाय?" चार वाट्यांपैकी एक माझ्या वडिलांना मिळाला. माझं बी.ए. त्यातूनच झालं असावं. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिलं पाहिजे.

आता नव्या काळाकडे. २००७ च्या ऑक्टोबरात बंगळूरला दोन तरुणांनी फ्लिपकार्ट सुरू केलं. चार लाख रुपये आणि कोरमंगलमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. विकायला पुस्तकं, पण ती जवळ ठेवलेली नव्हती. पहिली मागणी महबूबनगरहून आली, तेव्हा ते पुस्तक त्यांनी बंगळूरच्या दुकानांतून शोधून आणलं आणि पाठवलं. मागणी आधी, माल नंतर. हे वाचलं तेव्हा मला आत्तीची पोस्टकार्डं आठवली. पुढे २०१० मध्ये त्यांनी माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय काढली आणि धंदा एकदम वाढला. वर्तमानपत्रांत त्याचं केवढं कौतुक! पण कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे दुसरं काय? १८७७ चं व्ही.पी.च ते. कार्ड नसलेल्या, अनोळखी दुकानावर विश्वास नसलेल्या माणसासाठी तोच जुना उपाय. काटाही तोच राहिला. नको म्हटलं की माल परत आणि खर्च विकणाऱ्याच्या अंगावर.

मी सुरू केलं ते २०१६ च्या दिवाळीनंतर. नोटाबंदीने सगळ्यांच्या हातातली रोकड गेली होती, त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आलं होतं, सप्टेंबरपासून जिओचं इंटरनेट फुकट होतं. मुलगी म्हणाली, "मम्मी, आत्तीआजीचं वेष्टन शिवतेस ना, फोटो टाक की ग्रुपवर." माझा पहिला खर्च वहीत आहे. इचलकरंजीहून तुकडे १,८५०, दोरे आणि लेस ६२०, कुरिअरच्या प्लास्टिक पिशव्या ३००, वजनकाटा ४५०. एकूण ३,२२० रुपये. मशीन सासूबाईंचं होतं, फोन होता. फोटो मी सकाळी आठच्या सुमाराला उत्तरेच्या खिडकीत पांढऱ्या धोतरावर काढते, अजूनही. दिवे, स्टँड काही घेतलं नाही.

वजनकाटा आधी घेतला याचं लोक हसायचे. पण कुरिअरचा दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतो. ५१० ग्रॅम झालं की पुढच्या टप्प्याचे पैसे. गाळण्याची घडी, पुठ्ठा, पिशवी धरून ४८० च्या आत बसवायचं हे जमलं, त्या महिन्यापासून मला नफा दिसू लागला. पुठ्ठ्याचं खोकं वापरलं तर वजन कमी असूनही लांबी-रुंदी-उंचीवर पैसे लावतात, तेव्हा कापडाला पिशवीच बरी. या असल्या गोष्टी कुणी भाषणात सांगत नाही.

पुढे हौसेने एका मोठ्या ऑनलाइन बाजारात नाव घातलं. तिथलं फार सांगत नाही. पहिल्या तीन महिन्यांत ४१ नग गेले, त्यांतले १३ परत आले. एक गाळणं तर वापरून, ओलं असतानाच परत आलं होतं. तक्रार केली, फोटो पाठवले, उत्तर छापील आलं. कमिशन, परतीचा खर्च वजा जाता हातात जे पडलं त्यात माझी मजुरी धरली तर तोटाच होता. मी माघारी आले आणि आत्तीचाच नियम लावला. नवीन गिऱ्हाईकाने निम्मे पैसे आधी द्यायचे आणि काय हवं ते माप-रंगासकट स्वतः लिहून पाठवायचं. काही लोक गेले. जे राहिले ते अजून आहेत.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख. ते आधी दिलेले पैसे कुठे जमा होत होते? माझ्या फोनचं सिमकार्ड यांच्या नावावर. बँकेचं खातं यांचं. यूपीआय त्याच नंबरावर. गिऱ्हाईक पैसे पाठवायचं तेव्हा त्याच्या फोनवर यांचं नाव दिसायचं. कुणी विचारलं, "हे कोण?" तर मी लिहायची, "माझे मिस्टर, चालेल." अडीच वर्षं असंच चाललं. यांनी एक रुपया कधी अडवला नाही. काकांनी तरी कुठे अडवला होता?

माझे डोळे उघडले ते जीएसटीने, हे ऐकून तुम्ही हसाल. आमच्या निपाणीचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. सोयरीक, बाजार, दवाखाना, वर्तमानपत्र कोल्हापूर-सांगलीचं, कागद बंगळूरचे. कापड इचलकरंजीचं, म्हणजे महाराष्ट्रातलं. शिलाई निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. गिऱ्हाईक पुन्हा कोल्हापूरला. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की माझा माल परराज्यात जातो. १ जुलै २०१७ पासूनचा नियम असा की कर लागणारा माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी हवी. हुबळीला वेष्टन पाठवलं तर मी छोटी, मला नोंदणीची गरज नाही. चाळीस किलोमीटरवर कोल्हापूरला पाठवलं तर मी आंतरराज्य व्यापारी! हातकामाच्या मालाला पुढे काही सूट मिळाली, पण माझी निम्मी शिलाई मशीनवरची. थोडक्यात कर भरून मोकळं व्हायची कंपोझिशनची सोयही परराज्यात माल विकणाऱ्याला नाही. पापड करणारी माझी शेजारीण सुखी, कारण पापडाला करच नाही. तिचे पापड बिनधास्त सीमा ओलांडतात.

सीएंनी २०१९ मध्ये निक्षून सांगितलं, "वहिनी, आता नोंदणी करा." मी म्हटलं, यांच्या नावावर करून टाका. ते म्हणाले, "त्यांचं दुकान आधीच नोंदलेलं आहे. तुमचा माल त्यात घातला तर तो त्यांच्या उलाढालीत जाईल, त्यांचा धंदा म्हणूनच धरला जाईल. तुमचं वेगळं हवं तर तुमचा पॅन, तुमचं खातं, तुमची सही." मी घरी आले आणि रात्री डबा काढून बसले.

नोंदणीला सरकारी फी नाही, पण कागद लागतात. घर सासऱ्यांच्या नावावर, तेव्हा वीजबिल आणि त्यांचं संमतिपत्र. मामंजींनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "म्हंजे या घरात तुमचं दुकान हाय असं मी लिहून द्यायचं?" मी म्हटलं, "व्हय." त्यांनी सही केली, मग म्हणाले, "तारीख घाला खाली." बँकेत चालू खात्याला किमान शिल्लक फार म्हणून आधी साधं बचत खातंच स्वतःच्या नावाने उघडलं, सिमकार्ड माझ्या आधारवर नवीन घेतलं. जुना नंबर सुटला, सव्वाशे गिऱ्हाइकांना एकेक करून कळवावं लागलं. वीस-पंचवीस तरी त्यात हरवली. हे नुकसान पहिल्या दिवशी स्वतःचं सिम घेतलं असतं तर झालं नसतं. त्याला तेव्हा शंभर-दोनशे रुपये पडले असते.

२०२० मध्ये देवळं बंद झाली, वेष्टनं थांबली. तीन महिने मास्क शिवले, त्यावर निभावलं. त्यानंतर उद्यमची नोंदणी केली, तीही फुकट आणि फोनवरून. सीएंची फी मात्र दरवर्षी जाते, आणि माझ्यासारख्या लहान धंद्याला ती जड आहे, हे सरकारला कुणीतरी सांगायला हवं. रिटर्न आता तीन महिन्यांनी भरता येतं तेवढाच दिलासा.

गेल्या पर्युषणाआधी थोरल्या काकांच्या नातसुनेने कोल्हापुरातून बारा वेष्टनं मागवली. नात्यातली म्हणून मी आगाऊ पैसे मागितले नव्हते, तिनेच पाठवले. लगेच फोन आला. "काकू, पैसे पाठवताना तुमचं पूर्ण नाव आलं हो स्क्रीनवर. मला माहीतच नव्हतं तुमचं नाव, आम्ही सगळे निपाणीच्या काकूच म्हणतो." मी तिला आत कोपऱ्यात पत्ता भरून हवा का विचारलं. हो म्हणाली. साखळी टाक्याला वेळ फार लागतो, नगामागे पंधरा रुपये जास्त पडतील असं सांगितलं, तेही कबूल केलं. काल बारापैकी नऊ झाली. डबा अजून मशीनच्या शेजारी आहे, त्यात आता कुरिअरच्या पावत्याही ठेवते. परत आलेल्यांचा गठ्ठा वेगळा, आत्तीसारखाच पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला. या महिन्यात दोन.